खरेदीखताच्या दिवशीचा मध्यस्थ

‘दलाल’ हा शब्द मराठीत फारशा आदराने उच्चारला जात नाही. एखाद्याला दलाल म्हटले की, दोघांच्या व्यवहारात तिसऱ्याने हात घालून दोन पैसे काढून घेतले, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. मूळ अरबी शब्दाची कुळी मात्र इतकी हीन नाही. ज्या धातूपासून ‘दलील’, म्हणजे पुरावा किंवा वाट दाखविणारा, हा शब्द निघाला, त्याच धातूपासून ‘दलाल’ही निघाला. वाट दाखविणे हे या दोन्ही शब्दांच्या मुळाशी आहे. शब्द अरबस्तानातून महाराष्ट्रात येईपर्यंत पुष्कळ झिजला, आणि तो झिजविण्यात खुद्द दलालांचाही हातभार थोडाथोडका नाही, हे कबूल केले पाहिजे.

घरांच्या व्यवहारात या माणसाचे काम कोणते, असे विचारले तर बहुतेक लोक सांगतील की घर दाखविणे आणि किंमत जुळविणे. एके काळी ते खरे होते. कोणत्या गल्लीत कोणता वाडा विकावयाचा आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्या त्या ठाऊक असण्यालाच मोल होते. आज घरांची छायाचित्रे, चटईक्षेत्र आणि मागितलेली किंमत दूरध्वनीच्या पडद्यावर घरबसल्या दिसते. घर शोधण्यासाठी मध्यस्थाची गरज त्यामुळे कमी झाली आहे. जी गरज कमी झालेली नाही, उलट वाढली आहे, ती अगदी शेवटच्या दिवसाची. खरेदीखतावर सह्या व्हावयाच्या, पैसे द्यावयाचे आणि किल्ली हाती यावयाची, त्या दिवसाची. वर्ष-सहा महिने चाललेला व्यवहार त्या एका सकाळी दोन तासांत पुरा होतो किंवा बिघडतो. सर्वसाधारण कुटुंबाच्या आयुष्यात ही सकाळ एकदाच येते आणि तिच्यावर आयुष्यभराची शिल्लक, शिवाय पुढील वीस वर्षांच्या पगारातून फेडावयाचे कर्ज, अशी दोन्ही ओझी असतात.

या सकाळी कायद्याच्या दृष्टीने काय घडते, ते प्रथम पाहिले पाहिजे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या 54 व्या कलमाप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री केवळ नोंदणीकृत दस्ताने होऊ शकते. विसार दिला, साठेखत झाले, सगळ्या सोयऱ्यांना पेढे वाटले, तरी मालकी जात नाही. त्याच कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, विक्रीच्या कराराने त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. पुढचे, म्हणजे 55 वे कलम विकणारा आणि घेणारा यांची परस्पर कर्तव्ये सांगते. विकणाऱ्याने मिळकतीतील व मालकीतील जे दोष त्याला माहीत आहेत आणि घेणाऱ्याला सहज कळण्यासारखे नाहीत, ते उघड केले पाहिजेत. कागद दाखविले पाहिजेत. विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी देणे भागविले पाहिजे. घेणाऱ्याने विक्री पुरी होण्याच्या वेळी व स्थळी किंमत दिली पाहिजे. कायद्याने दोघांचीही काळजी वाहिली आहे. मात्र त्या दोघांना जोडणाऱ्या तिसऱ्या माणसाचा या कलमात उल्लेखही नाही.

आता प्रत्यक्ष नोंदणीच्या कचेरीत जावे. सर्वसाधारण नागरिकाची समजूत अशी असते की, सरकारी अधिकाऱ्याने शिक्का मारला, त्या अर्थी घर निर्वेध आहे याची सरकारने हमी दिली. ही समजूत चुकीची आहे आणि तिने कित्येक घरे बुडविली आहेत. 1908 च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे दुय्यम निबंधकाने पहावयाचे असते ते इतकेच की, दस्त योग्य माणसाने, योग्य मुदतीत, योग्य कचेरीत दाखल केला आहे काय. मुद्रांक शुल्क भरले आहे काय. आणि ज्याने सही केली असे दस्तात लिहिले आहे त्याने समोर येऊन ‘होय, ही सही माझी’ असे कबूल केले काय. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या अधिकारातला नव्हे. तमिळनाडू राज्याने आपल्या नियमांत एक पोटनियम घालून मालकीचे मूळ कागद व बोजाचा दाखला नसेल तर दस्त नाकारण्याची मुभा निबंधकाला दिली होती. 2025 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा पोटनियम 1908 च्या अधिनियमाशी विसंगत ठरवून रद्द केला आणि निबंधकाचा मालकीशी संबंध नाही, हे पुन्हा एकदा स्पष्ट केले. हेतू चांगला होता. पण मूळ कायद्याने जे काम सोपविलेच नाही ते नियमाने कसे सोपवावे?

मग मालकी पहावयाची कोणी? बँकेचा अधिकारी येतो, तो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे एवढे पाहतो. वकिलाने शोध-अहवाल दिलेला असतो. पण तो अनेकदा महिना-दीड महिना आधीचा असतो आणि त्या दिवशी वकील स्वतः येईलच असे नाही. दस्तलेखक, ज्याला पंजाबात वसीकानवीस म्हणतात, तो सांगितलेला मजकूर कायद्याच्या साच्यात बसवितो. मुद्रांकाचे काम करणारा मुद्रांकापुरता. प्रत्येकाच्या हाती एकेक धागा आहे. सगळे धागे ज्याने पाहिले आहेत, दोन्ही पक्षांना जो ओळखतो, कोणत्या बँकेतून कोणता धनाकर्ष कधी निघणार हे ज्याला माहीत आहे, असा एकच मनुष्य त्या कचेरीच्या बाकावर बसलेला असतो आणि तो म्हणजे मध्यस्थ. अमेरिकेतील अनेक राज्यांत ही जागा तिऱ्हाईत संस्थेने भरून काढली आहे. घेणाऱ्याचा पैसा आणि विकणाऱ्याचा दस्त दोन्ही तिच्या हाती राहतात व सर्व अटी पुऱ्या झाल्यावरच ती दोन्हींचा अदलाबदल करते. शिवाय कर्ज घेणाऱ्याला अखेरच्या खर्चाचा तपशील व्यवहाराच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी हाती मिळाला पाहिजे, असा तेथील नियम 2015 पासून आहे. तेथे दलालाने शेवटच्या दिवशी घराची फेरी मारून आणावी आणि आकडे तपासून घ्यावे, एवढे केले तरी भागते. भारतातील जुन्या घराच्या साध्या खरेदी-विक्रीत अशी संस्था सहसा नसते. पैसा आधी सोडावयाचा की सही आधी करावयाची, हा पेच दोन अनोळखी माणसांनी समोरासमोर बसून सोडवावयाचा असतो.

आणि येथेच मध्यस्थाच्या भूमिकेतील खरी अडचण उभी राहते. 1872 च्या करार अधिनियमाच्या 219 व्या कलमाप्रमाणे, वेगळा ठराव नसेल तर काम पुरे झाल्याशिवाय प्रतिनिधीला मोबदला मागता येत नाही. व्यवहारातही रीत तीच आहे. दलालीचा मोठा भाग नोंदणीच्या दिवशी, बहुधा कचेरीच्या पायऱ्या उतरतानाच, दिला जातो. म्हणजे ज्या माणसाच्या डोळ्यांवर दोन्ही कुटुंबांनी विसंबावयाचे, त्याच्या तीन महिन्यांच्या श्रमाचे फळ त्या दिवशी सही होण्यावरच अवलंबून! शंका दिसली तरी ती न दिसल्यासारखी करण्याचा मोह त्याला व्हावा, अशी ही रचना आहे. त्यात पुष्कळ ठिकाणी तो दोन्ही पक्षांकडून टक्का घेतो. मग तो कोणाचा प्रतिनिधी, हे त्यालाही सांगता येत नाही. अशा स्थितीत ‘आज सही नको’ हे तीन शब्द उच्चारणे जड जाते. पण चांगल्या मध्यस्थाची परीक्षा याच तीन शब्दांत असते. किंमत कोणीही जुळवील. जुळलेला व्यवहार स्वतःचे नुकसान सोसून एक दिवस पुढे ढकलणारा विरळा.

कोणत्या प्रसंगी हे शब्द उच्चारावयाचे, ते काही उदाहरणांनी पाहता येईल.

पहिला प्रसंग मूळ कागदांचा. विकणारा शेवटच्या दिवशी सांगतो की मूळ खरेदीखत घर बदलताना गहाळ झाले, नक्कल आहे, ती चालेल. सामान्य माणसाला यात विशेष काही वाटत नाही. नकलेवर सरकारी शिक्का असतोच. जाणत्या मध्यस्थाच्या मनात मात्र लगेच पाल चुकचुकली पाहिजे. कारण स्थावर गहाण टाकण्याची एक रीत अशी आहे की तिला नोंदणीकृत दस्त लागतच नाही: मालकीचे मूळ कागद सावकाराच्या स्वाधीन करावयाचे, की गहाण पुरे झाले. पूर्वीच्या कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांच्या व्यापारी सोयीसाठी कायद्याने ही सवलत दिली आणि पुढे राज्य सरकारांनी अधिसूचित केलेल्या इतर शहरांना ती लागू झाली. नोंदणीच्या पुस्तकात अशा गहाणाचा माग लागेलच असे नाही. तारण-व्यवहारांची मध्यवर्ती नोंद ठेवणारी संस्था 2011 पासून आहे, महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना नोंदणी कचेरीत देण्याची तरतूदही आहे. परंतु खाजगी सावकाराच्या तिजोरीत पडलेले खरेदीखत तेथेही दिसेल, अशी खात्री कोणी देऊ नये. तेव्हा ‘मूळ कागद गहाळ आहेत’ याचा अर्थ ‘आज सही नको’ असाच घ्यावयाचा. पोलिसांत वर्दी, वृत्तपत्रात जाहीर सूचना, हरकतींसाठी मुदत, हे सगळे झाल्यावर पुढचे.

याच्याशी लागून एक बारीक गोष्ट आहे आणि ती मध्यस्थांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. दस्तावर सही झाल्यानंतर तो नोंदणीसाठी दाखल करण्यास चार महिन्यांची मुदत असते. दंड भरून ती आणखी चार महिने वाढवून मिळू शकते. एकदा नोंदणी झाली की, 47 व्या कलमाप्रमाणे दस्ताचा अंमल नोंदणीच्या तारखेपासून नव्हे तर मागे, नोंदणीची आवश्यकताच नसती तर तो जेव्हापासून सुरू झाला असता तेव्हापासून, धरला जातो. म्हणजे आज पुस्तक कोरे दिसले म्हणून गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या कोणाला सही करून दिलेलीच नाही, असे होत नाही. नोंदणीच्या पुस्तकांची पाहणी शुल्क भरून कोणालाही करता येते. मुंबई-पुण्याकडे ‘सूची क्रमांक 2’ म्हणतात तीही मिळते, आणि दक्षिणेत बोजाचा दाखला ई. सी. या आद्याक्षरांनी घरोघर ठाऊक आहे. महिनाभरापूर्वीच्या शोध-अहवालावर न विसंबता ही पाहणी खरेदीच्या आदल्या दिवशी पुन्हा करवून घेणे, आणि तरीही मूळ कागद व घराचा प्रत्यक्ष ताबा कोणाकडे आहे हे डोळ्यांनी पाहणे, ही मध्यस्थाची पूर्वतयारी होय. खर्च थोडा, वेळ अर्ध्या दिवसाचा.

दुसरा प्रसंग मुखत्यारपत्राचा. मालक परगावी किंवा परदेशी आहे आणि त्याच्या वतीने भाऊ अगर मेहुणा सही करणार आहे. परदेशातून दिलेले मुखत्यारपत्र तेथील नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित झाले आहे काय, हे दस्तलेखक पाहतो. पण एक गोष्ट कागदावर दिसत नाही. करार अधिनियमाप्रमाणे मालक मरण पावला की मुखत्याराचा अधिकार संपतो. मुखत्यारपत्र देणारा ऐंशी वर्षांचा असेल तर तो आज हयात आहे ना, याची चौकशी करणे कोणाला अप्रशस्त वाटेल. परंतु त्या सकाळी त्याच्याशी दूरध्वनीवर दोन शब्द बोलून घेणे यात अपमान कसला? दिल्ली व तिच्या आसपासच्या भागांत तर या मुखत्यारपत्राने एक वेगळाच संसार थाटला होता. खरेदीखत न करता मुखत्यारपत्र, करार आणि मृत्युपत्र अशा तीन कागदांवर घरे एका हातातून दुसऱ्या हातात जात असत, आणि शुल्क वाचते म्हणून मध्यस्थ त्याची भलावण करीत. अशा कागदांनी मालकी जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या ऑक्टोबरमध्ये दिला. नोकरीनिमित्त दिल्लीस गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी त्या काळी असे घर घेतले असेल, त्यांच्या मुलांना आज ते विकताना या वाचविलेल्या शुल्काचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

परप्रांतात घर घेणाऱ्याची आणखी एक अडचण भाषेची आहे. बंगळूर अगर चेन्नई येथे स्थायिक होणारा मराठी मनुष्य स्थानिक भाषा बाजारापुरती बोलतो. परंतु कानडी किंवा तमिळ दस्तातील चतुःसीमा आणि वारसांची कबुली त्याला वाचता येत नाही. नोंदणी अधिनियमाच्या 19 व्या कलमाने निबंधकाच्या भाषेची काळजी घेतली आहे. त्या जिल्ह्यात सामान्यतः न वापरल्या जाणाऱ्या आणि निबंधकाला न समजणाऱ्या भाषेत दस्त असेल, तर जिल्ह्याच्या भाषेतील खरे भाषांतर जोडल्याशिवाय त्याने तो घ्यावयाचा नाही. घेणाऱ्याला दस्ताची भाषा समजते की नाही, याची चिंता मात्र या कलमाने केलेली नाही. ती चिंता मध्यस्थाने करावयाची असते. मसुदा आठ दिवस आधी मिळविणे, त्याचे भाषांतर पक्षकाराच्या हाती ठेवणे, निदान भाषा जाणणाऱ्या विश्वासू माणसाकडून ओळ न् ओळ वाचवून घेणे, एवढे झाले पाहिजे. कचेरीच्या गर्दीत ‘काही नाही हो, नेहमीचाच मजकूर आहे’ असे म्हणून पान उलटणारा मध्यस्थ भाषांतर करीत नाही. तो फक्त घाई करतो. शिवाय कागदांची नावेही प्रांतोप्रांती बदलतात. महाराष्ट्रातील सातबारा कर्नाटकात पहाणी होते, बंगालमध्ये खतियान, पंजाबात जमाबंदी. आपल्याकडील फेरफार बिहारात दाखिल-खारिज होतो. अनुभवी गृहस्थही परप्रांतात नवशिका ठरतो तो यामुळे.

तिसरा प्रसंग सर्वांत साधा दिसतो आणि सर्वांत गंभीर आहे. दस्त करून देणाऱ्याला ओळखणारे दोन इसम निबंधकासमोर उभे राहतात व ‘आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो’ अशा मजकुराखाली सही करतात. हे ओळखदार आणावयाचे काम बहुतेक वेळा मध्यस्थाकडे असते आणि पुष्कळदा तो आपल्या दुकानातील पोऱ्यालाच उभा करतो. त्या पोऱ्याची विकणाऱ्याशी ओळख किती जुनी? सकाळी रिक्षातून उतरल्यापासूनची! 2001 च्या दुरुस्तीने दस्तावर छायाचित्र व बोटांचे ठसे आले, त्याने तोतयेगिरीला बराच आळा बसला. परंतु छायाचित्र समोर बसलेल्या माणसाचे असते, आणि समोर बसलेला मनुष्य खरा मालकच आहे हे छायाचित्राला सांगता येत नाही. ते शेजारी सांगतात, गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस सांगतो, वीस वर्षे दूध घालणारा सांगतो. खोटे निवेदन करणाऱ्यास आणि तोतयेगिरी करणाऱ्यास नोंदणी अधिनियमाच्या 82 व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्या पोऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते. ज्या मध्यस्थाला आपल्या धंद्याची चाड आहे त्याने ओळखदार म्हणून संस्थेचा चिटणीस किंवा शेजारी आणावा; त्याला अर्ध्या दिवसाच्या रजेची भरपाई द्यावी लागली तरी.

यानंतर पैशाचा प्रश्न. एक प्रसंग कल्पावा. पुण्यात एका वृद्ध विधवा बाईंची दोन खोल्यांची सदनिका आहे. ती विकून त्या मुलीच्या गावी जाणार आहेत. घेणारे तरुण जोडपे बँकेचे कर्ज काढून आले आहे. दस्त तयार आहे, अंगठ्याचे यंत्र समोर आहे, मागे पाचपंचवीस माणसे खोळंबली आहेत. तरुण सांगतो, “माझ्या भागाचे पैसे सकाळीच पाठविलेत, पोचतील एवढ्यात.” बाई सही करावयास सरसावतात. अशा वेळी मध्यस्थाने म्हणावे, “काकू, जरा थांबा. जमा झाल्याचे बँकेकडून कळू द्या.” बाई संकोचतात. “अहो भाऊ, चांगली मुलं आहेत ती, त्यांना काय वाटेल?” “त्यांना काही वाटणार नाही काकू. आणि वाटलं तर मला वाटू द्या, तुम्हाला नको.”

अविश्वासाचे ओझे स्वतःच्या शिरावर घेणे, ही मध्यस्थाची फार मोठी सेवा होय. दोन सभ्य माणसे एकमेकांना जे विचारू शकत नाहीत ते तिसऱ्याने विचारावयाचे. धनादेशाचा क्रमांक दस्तात लिहिला आणि ‘रक्कम भरून पावलो’ अशी कबुली दिली, म्हणजे पैसा हाती आला असे होत नाही. मालकी गेल्यावर किंमत येणे राहिली तर विकणाऱ्याचा त्या मिळकतीवर कायद्याने बोजा राहतो, हे खरे. पण तो वसूल करण्यास दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईंना तो मार्ग दाखविणे म्हणजे न दाखविल्यासारखेच. उलट, बाईंच्या घरावर जुने कर्ज उरले असेल तर काळजी जोडप्याची घ्यावयाची. फेडीची रक्कम बाईंच्या हाती न देता त्यांच्या बँकेच्या कर्जखात्यात परस्पर भरावी, आणि मूळ कागद कोणत्या तारखेला कोण घेणार हे लेखी ठरवावे. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत न दिल्यास, आणि विलंब बँकेच्या बाजूने झाला असल्यास, बँकेने दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2023 च्या डिसेंबरपासून लागू झाला आहे. तो ठाऊक असलेला मध्यस्थ त्या जोडप्याचे पुष्कळ हेलपाटे वाचवू शकतो.

कराचेही तसेच. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का रक्कम कापून सरकारात भरावयाची, हा नियम 2013 पासून आहे. विकणारा परदेशनिवासी असेल तर 50 लाखांची मर्यादाच राहत नाही आणि दर पुष्कळ अधिक असतो. पुत्र परदेशात आणि घर पुत्राच्या नावावर, अशी स्थिती पुण्या-मुंबईच्या कित्येक कुटुंबांत आहे. ही गोष्ट नोंदणीच्या दिवशी कळली तर सगळे आकडे कोसळतात. साठेखताच्या वेळी कळली तर काहीच बिघडत नाही.

रोख रकमेविषयी मात्र मध्यस्थाची गय करण्याचे कारण नाही. किमतीचा एक भाग दस्तात आणि दुसरा पिशवीत, ही रीत या देशात चालत आली आहे व ती पिशवी पोचविण्याचे काम मध्यस्थ करीत आला आहे. 2015 पासून स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास मनाई असून घेणाऱ्यास तितकाच दंड होऊ शकतो. पण दंडाहूनही मोठे नुकसान घर घेणाऱ्याचे असते. व्यवहार मोडला तर पिशवीतील रकमेला साक्षीदार नसतो, आणि पुढे घर विकताना ती रक्कम घराच्या खरेदीकिमतीत धरता येत नाही. ‘सगळेच असे करतात’ असे म्हणून पक्षकाराला या वाटेने नेणाऱ्याने वाट दाखविली असे म्हणता येणार नाही.

कायद्याने या धंद्याकडे लक्ष दिले ते फार उशिरा. 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाने मध्यस्थाची व्याख्या केली, त्याला नोंदणी सक्तीची केली, हिशेबाच्या वह्या ठेवावयास लावल्या. महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने 2023 मध्ये त्याच्यापुढे प्रशिक्षण व परीक्षाही ठेवली. ही प्रगती लहान नव्हे. तथापि दोन उणिवा डोळ्यांत भरतात. हा अधिनियम नव्या बांधकाम-प्रकल्पांपुरता आहे. पंचवीस वर्षांची जुनी सदनिका एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा मधला माणूस बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहतो. दुसरे असे की, पक्षकाराला माहिती व कागद मिळवून देण्याचे जे कर्तव्य 10 व्या कलमाने मध्यस्थावर टाकले आहे, ते ‘नोंदणी-आरक्षणाच्या वेळचे’, म्हणजे घर पसंत करून पहिली रक्कम भरण्याच्या वेळचे आहे. खरेदीखताच्या दिवसाविषयी कलम मुके आहे. कायद्याने पहिला दिवस पाहिला. शेवटचा मध्यस्थाच्या विवेकावर सोडला.

निदान पक्षकारांनी तरी तो सर्वस्वी सोडू नये. दलाली ठरविताना ती किती टक्के, एवढेच ठरते. त्या टक्क्यात काय काय येते हे कोणी लिहून घेत नाही. ताज्या शोधाची पाहणी, मसुद्याचे वाचन, खऱ्या ओळखदारांची सोय, थकबाकी नसल्याचे दाखले आणि नोंदणीनंतरची कामे एका कागदावर उतरवून दोघांनी सह्या केल्या, तर काम पुरे होणे म्हणजे काय हे तरी ठरेल. दलालीचा शेवटचा चौथा हिस्सा नोंदणीच्या दिवशी न देता ही कामे झाल्यावर द्यावा, असाही ठराव करता येतो. चांगल्या मध्यस्थाला त्यात अडचण वाटू नये.

कारण नोंदणीने सारे संपत नाही. सातबारा किंवा मिळकत-पत्रिकेवर नवे नाव लागावयाचे असते. गृहनिर्माण संस्थेत भागपत्र बदलावयाचे असते. महापालिकेच्या करआकारणीत नाव चढवावयाचे असते. वीजमीटर नव्या मालकाच्या नावे करावयाचा असतो. ताब्याच्या वेळी मीटरवरील आकडा दोघांसमक्ष लिहून त्याखाली दोघांची सही घेतली, तर पुढच्या महिन्याच्या बिलावरून होणारा तंटा मिटतो. किल्ल्या मोजून द्याव्यात. माळ्याची, टपालपेटीची आणि गच्चीच्या दाराची धरून. जुने मध्यस्थ यांपैकी पुष्कळ कामे कोणी न सांगता करीत आणि सहा महिन्यांनी, फेरफाराचा उतारा घेऊन, एकदा घरी चहाला येऊन जात.